आजोबांच्या कावडीचा खांदा मध्यावर का नाही?

कृष्णाकाठचा

आमचे मूळ गाव भिलवडीच्या परिसरात, कृष्णेच्या काठावर आहे. घराणे भोयाचे. आजोबांच्या पिढीपर्यंत नदीतली मासेमारी आणि माणसांना पैलतीरी पोहोचवणे यांवरच घर चालत असे. वडील साखर कारखान्यात नोकरीला लागले आणि जाळी भिंतीवरून माळ्यावर गेली. मागच्या महिन्यात जुन्या घराची कौले उतरवली, तेव्हा तुळईला बांधून ठेवलेल्या काही वस्तू हाती आल्या: एक कावड, वाखाच्या दोरीची दोन शिंकी (त्यांतले एक हात लावताच सुटले), बूड गेलेली एक पाटी आणि जुने लुगडे वळून केलेली एक चुंबळ. २०१९ च्या महापुरात घरात पाणी शिरले होते, परंतु ते तुळईपर्यंत पोहोचले नाही, म्हणूनच हे सारे वाचले.

माझा प्रश्न कावडीविषयी आहे. ती अखंड भरीव बांबूची असून तिची लांबी ५ फूट ९ इंच भरते. दोन्ही टोकांजवळ दोरी अडकण्यासाठी एकेक खाच आहे आणि एका खाचेपासून दुसरीपर्यंतचे अंतर बरोबर ६६ इंच आहे. खांद्याने घासून गुळगुळीत झालेला पट्टा मध्यावर, म्हणजे ३३ इंचांवर असेल अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो बांबूच्या जाड टोकाकडील खाचेपासून २४ ते २९ इंचांच्या दरम्यान आहे आणि सर्वांत खोल झीज २६ इंचांवर आहे. आजोबा असे एका बाजूला खांदा देऊन का चालत असतील? जाणकारांनी सांगावे.

शंकेखोर

मुळात ही कावडच आहे, याची खात्री केली आहे का? दोन माणसांनी काठीची दोन टोके आपापल्या खांद्यावर घ्यायची आणि मध्ये मोठे टोपले टांगायचे, ही पद्धतही मासे वाहण्यासाठी सर्रास होती. अशा वेळी टोपले मुद्दाम मध्यावरून सरकवून ताकदीच्या गड्याकडे घेत असत, म्हणजे पोरगेल्या जोडीदारावर कमी भार येई. आपण ज्याला खांद्याचा पट्टा म्हणता, तो टोपल्याच्या दोरीचा घासही असू शकेल. भोई मंडळी पालखी आणि मेणाही वाहत असत, तेव्हा दोघा-चौघांत ओझे वाटून घेण्याची रीत त्यांच्या अंगवळणी पडलेलीच होती. मंत्रिमंडळाच्या संदर्भात आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो तो ‘खांदेपालट’ हा शब्द अशाच वाहणाऱ्यांच्या खांद्यांवरचा आहे.

वेळूबन

शंकेखोर यांची शंका रास्त आहे, पण तिचा निकाल काठी हातात घेतल्यावर एका मिनिटात लागतो. टांगलेल्या दोरीचा घास काठीच्या वरच्या अंगाला पडतो, तो अरुंद असतो आणि त्याच्या कडा स्पष्ट असतात. खांद्याची झीज खालच्या अंगाला असते आणि ती रुंद, पसरट व कडा नसलेली असते. शिवाय एकट्याच्या कावडीत दोऱ्या टोकांवरून खाली लोंबतात, त्यामुळे खाचा वरच्या अंगाला कोरलेल्या असतात. दोघांच्या काठीला टोकांजवळ खाचांची गरजच नसते, कारण तिथे खांदा असतो.

कृष्णाकाठचा, आपण फक्त एवढेच पाहावे: खाचा आणि घास एकाच अंगाला आहेत की विरुद्ध अंगांना?

कृष्णाकाठचा

विरुद्ध अंगांना आहेत. खाचा वर येतील अशी काठी धरली की गुळगुळीत पट्टा खाली येतो. तो जवळपास चार बोटे रुंद आहे आणि घामाने काळपट झालेला आहे.

वेळूबन

मग ती एकट्याचीच कावड आहे. आता बांबूविषयी थोडे लिहितो, कारण उत्तराचा काही भाग तिथेही आहे. आमच्या पाटणच्या बाजूला बुरूड लोक पाट्या, सुपे, डालगी विणण्यासाठी पोकळ आणि लांब पेरांचा बांबू घेतात, कारण त्याच्या कामट्या सहज निघतात. कावडीसाठी मात्र भरीव बांबू लागतो, ज्याला पुष्कळ ठिकाणी नर बांबू म्हणतात. पोकळ बांबू भाराखाली एकदम फुटतो आणि फुटताना त्याच्या चिरफळ्या मानेत घुसतात. भरीव बांबू वाकतो, कुरकुरतो आणि माणसाला सावध होण्यास वेळ देतो.

कोणताही बांबू बुडख्याकडे जाड आणि शेंड्याकडे निमुळता असतो. त्यामुळे रिकामी काठी बोटावर तोलून धरली, तरी तिचा तोल लांबीच्या मध्यावर कधीच येत नाही. तो बुडख्याकडे सरकलेला असतो. आपली आखूड बाजू जाड टोकाकडे आहे, हे त्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. शहाणा माणूस जड ओझे नेहमी बुडख्याकडेच टांगतो.

मापाडी

चौतीस वर्षे शाळेत तरफेचे नियम शिकवले, तेव्हा हा धागा सोडून पुढे जाणे मला शक्य नव्हते.

खांदा हा टेकू आहे. टेकूच्या दोन्ही बाजूंना वजन गुणिले अंतर हा गुणाकार सारखा असावा लागतो, नाहीतर कावड एका बाजूला झुकते आणि माणसाला हाताने ती सतत दाबून धरावी लागते. आपल्या कावडीत आखूड बाजू २६ इंच आणि लांब बाजू ४० इंच आहे. म्हणजे दोन ओझ्यांचे प्रमाण साधारण २० ला १३ असे येते. आखूड बाजूला २० किलो असतील, तर लांब बाजूला १३ किलो असावेत.

थोडक्यात, आजोबांचा खांदा वाकडा नव्हता. त्यांची दोन ओझीच एकसारखी नव्हती. आता कृष्णाकाठचा यांनी शोधायचे ते एवढेच, की भोयाच्या घरात वीस आणि तेरा किलोंच्या अशा कोणत्या दोन वस्तू रोज बरोबरीने नेल्या जात असत.

वेळूबन

मापाडी सर, क्षमा असावी, पण आपण काठीचे स्वतःचे वजन सोडून दिले.

मापाडी

चूक मान्य आहे. वर्गात एखाद्या मुलाने ही चूक केली असती, तर मी त्याला उभे केले असते. कृष्णाकाठचा, कावडीचे वजन किती आहे आणि ती रिकामी कुठे तोलते, हे कळवावे.

कृष्णाकाठचा

वजन दीड किलो आहे. रिकामी कावड बोटावर धरली तर ती जाड टोकाकडील खाचेपासून ३१ इंचांवर तोलते.

मापाडी

म्हणजे काठीचे दीड किलो खांद्यापासून ५ इंचांवर, लांब बाजूला लागतात. हिशेब पुन्हा केला तर तेरा किलोंचे पावणेतेरा होतात. फरक फारसा पडला नाही, पण वेळूबन यांचा मुद्दा योग्यच होता.

हर्णैची लेक

मी माहेरची हर्णैची, सासरची साताऱ्याची. वरील चर्चा पुरुषांच्या खांद्याभोवतीच फिरते आहे, परंतु कृष्णाकाठचा यांना कावडीबरोबर एक चुंबळ आणि एक पाटीही सापडली आहे, तिच्याविषयी कोणी अक्षर लिहिले नाही.

आमच्याकडे होड्या किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात उभ्या राहतात. तिथून मासळी वाळूवर आणण्यासाठी बैलगाड्या थेट समुद्रात घालत असत आणि लिलाव किनाऱ्यावरच होत असे. लिलावात घेतलेली मासळी तिथून पुढे गावात, वाडीवाडीत नेण्याचे काम बायकांच्या डोक्याचे. चुंबळ ही दिसायला क्षुल्लक वस्तू आहे, पण ती नीट वळली नाही तर पाटी दिवसभर एका बाजूला ओढते. जुने, धुवून मऊ पडलेले लुगडे घ्यायचे, कारण नवे कापड घसरते. ते पिळून दोरासारखे करायचे, हाताच्या चार बोटांभोवती वेढे द्यायचे आणि शेवटचे टोक आतून खेचून घ्यायचे. मधली पोकळी टाळूवर येते आणि भार भोवतालच्या कड्यावर पसरतो. माझी आजी चुंबळीवर केळीचे पान ठेवत असे, कारण पाटीतून ओघळणारे खारट पाणी कपाळावरून डोळ्यांत उतरे. पुढे पानाच्या जागी प्लास्टिकचा कागद आला.

डोक्यावरच्या पाटीची खरी अडचण चालताना नसते. ती उचलताना आणि उतरवताना असते, कारण भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही. ‘जरा हात दे गं’ असे म्हणण्यासाठी दुसरी बाई लागते. म्हणून बायका कधी एकट्या निघत नसत. कावडीचे तसे नाही. माणूस गुडघ्यात वाकला की दोन्ही शिंकी जमिनीवर टेकतात आणि उठला की ओझे उचलले जाते. एकट्याने नदीवर जाणाऱ्याला कावड का सोयीची वाटली असेल, याचे हे एक कारण मला दिसते.

मापाडी

हर्णैच्या ताईंच्या अनुभवाला पुष्टी देणारी एक गोष्ट आठवली. डोक्यावर ओझे वाहण्याची सवय असलेल्या केनियातील स्त्रियांवर केलेले एक संशोधन १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले होते. स्वतःच्या वजनाच्या एक पंचमांशापर्यंतचे ओझे त्या जवळजवळ कोणतीही जादा शक्ती खर्च न करता नेऊ शकतात, असे त्यात आढळले. पन्नास किलोंच्या बाईला दहा किलो म्हणजे जणू फुकट. त्यापुढे मात्र खर्च वाढतोच, आणि हर्णैची पाटी दहा किलोंची असेल असे मला वाटत नाही.

कावडीवरही १९९१ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. लवचीक काठीला ओझी टांगून माणसांना पळवले, तेव्हा शक्तीची बचत काही झाली नाही; परंतु प्रत्येक पावलाला खांद्यावर बसणारा हिसका मात्र पुष्कळ कमी झाला. वेळूबन ज्या वाकणाऱ्या बांबूविषयी बोलत आहेत, त्याचा फायदा हाच. दम तेवढाच लागतो, पण खांदा सोलला जात नाही.

सीमेवरचा

जत तालुक्यात आमच्या घरी निम्मे बोलणे कन्नडमध्ये होते. चुंबळीला आम्ही सिंबी म्हणतो. पाण्याची घागर असो, कडब्याची पेंढी असो की बाजाराची पाटी, सिंबीशिवाय डोके पुढे होत नसे. केरळात तर डोक्यावरचे ओझे दुसऱ्याच्या मदतीशिवाय उतरवता यावे म्हणून रस्त्याच्या कडेला दोन उभे दगड आणि त्यांवर एक आडवा, अशी माणसाच्या उंचीची चौकट बांधत असत. तिला चुमडुतांगी म्हणतात. ताईंनी सांगितलेल्या ‘हात दे’ या अडचणीवर त्या लोकांनी दगडालाच हात द्यायला लावले.

स्कॉटलंडमधल्या न्यूहेवनच्या कोळणींनी तिसराच मार्ग काढला होता. त्या माशांची करंडी पाठीवर घेत आणि तिचा पट्टा कपाळावरून नेत, त्यामुळे मान पुढे वाकवून त्यांना एडिंबराचे चढ चढता येत. लंडनच्या बिलिंग्जगेट मासळीबाजारातले हमाल सपाट माथ्याची जाड चामडी टोपी घालून तिच्यावर खोकी रचत असत. चुंबळीचेच काम, फक्त कातड्याचे.

डोंगरवाट

कावडीचा विषय निघाला आणि माण तालुक्यातला माणूस गप्प बसला, असे होऊ नये म्हणून लिहितो. शिखर शिंगणापूरच्या चैत्र यात्रेत शुद्ध द्वादशीला सासवडकडची भुतोजी तेल्याची कावड मुंगी घाटाने वर चढते. ती एका माणसाची कावड नव्हे. कऱ्हेच्या पाण्याचे ते प्रचंड ओझे अनेक खांदे मिळून नेतात आणि खड्या चढणीला माणसे एकमेकांचे हात धरून साखळी करतात. तिथे एक गोष्ट अगदी जवळून पाहिली आहे. चढताना खालच्या अंगाचे लोक भाराने दबतात आणि वरच्या अंगाच्या लोकांच्या खांद्यावरून काठी सुटू पाहते. सपाटीवर साधलेला तोल चढावर राहत नाही. कृष्णाकाठचा यांच्या आजोबांना नदीच्या घाटाच्या पायऱ्या रोज चढाव्या लागत असतील, तर त्या पाच इंचांच्या पट्ट्यात या चढाचाही काही हिस्सा असावा.

मिरजेचा भोपळा

विषयाला थोडा फाटा देतो. भोयांच्या सामानात सांगड असायची, ती सापडली नाही का? वाळलेले कडू भोपळे एकत्र बांधून त्यांवर पोट टेकवून नदी ओलांडायची आणि जाळे व मासे बरोबर ओढत न्यायचे. पाण्यावरची ती कावडच म्हणा ना. ‘सांगड घालणे’ हा शब्दप्रयोग आपण सभा-संमेलनांत सतत वापरतो, पण भोपळे बांधताना कुणी पाहिलेले नसते. त्याच जातीचे मोठे भोपळे पंढरपूरच्या बाजूने आमच्या मिरजेत येतात आणि त्यांचे तंबोरे व सतारी होतात.

कृष्णाकाठचा

सांगड सापडली नाही. वडील म्हणतात की ती त्यांच्या लहानपणीच गेली आणि तिच्या जागी ट्रकची ट्यूब आली.

घाटमाथा

हर्णैच्या ताईंच्या मुद्द्याला जोडून लिहितो. बर्फ सहज मिळत नव्हता, तेव्हा कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडच्या बाजूला समुद्राची ताजी मासळी येणे शक्यच नव्हते. येत असे ती सुकट, बोंबील, वाकट. आपण याकडे केवळ टिकवण्याची युक्ती म्हणून पाहतो, परंतु वाहणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर वाळवणे हीच ओझे उतरवण्याची सर्वांत मोठी युक्ती आहे. ओल्या बोंबलात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असते. ते पाणी किनाऱ्यावरच्या वलांडीवर (मासळी वाळत घालण्याच्या मांडवावर) उन्हाला देऊन टाकायचे आणि उरलेले तेवढे बैलाच्या पाठीवर घालून घाट चढवायचे.

नदीच्या माशाचे गणित याच्या उलट आहे. तो जिवंत असेल तरच त्याला दर मिळतो. मरळीसारखा मासा हवेतून श्वास घेतो, त्यामुळे थोड्या पाण्यातही तो तासन्‌तास तगतो. म्हणजे भोयाला माशाबरोबर पाणीही वाहावे लागत असणार. वीस किलोंची बाजू कोणती, याचे उत्तर कदाचित इथे मिळेल.

कृष्णाकाठचा

आपल्या प्रतिसादानंतर मला राहवले नाही. वडिलांची धाकटी आत्या ऐंशीच्या पुढची आहे आणि सध्या पलूसला मुलीकडे असते. रविवारी कावड घेऊनच तिच्याकडे गेलो. तिने आधी चुंबळ मागितली आणि ती तिच्या वहिनीची, म्हणजे माझ्या आजीची आहे असे सांगितले. आजोबा नदीवरून घरापर्यंत कावडीने आणत आणि तिथून गल्लोगल्ली विकण्याचे काम आजी पाटीने करत असे. एकाच माशाचा अर्धा प्रवास खांद्यावरून आणि अर्धा डोक्यावरून होत होता, हे मला पहिल्यांदाच कळले.

मग मी पट्टा दाखवला. ती म्हणाली, “हिकडं डबा आन्‌ तिकडं जाळं. दुसरं काय आसायचं?” जाड टोकाला पंधरा किलो तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, त्यात पाणी आणि जिवंत मासे. पाणी हिंदकळू नये म्हणून वर लिंबाचा किंवा करंजाचा डहाळा टाकलेला असे, जसे दूधवाले कॅनमध्ये कडब्याची पेंडी टाकतात. दुसऱ्या टोकाला सुती जाळे, लोखंडी कड्यांसह, चिंब भिजलेले.

मी विचारले की पट्टा एवढा लांब का. त्यावर ती जे बोलली ते जसेच्या तसे देतो: “जाळं निथळतं न्हवं वाटंनं? मग खांदा सरकतुया.”

मापाडी

आजींना माझा नमस्कार सांगावा. मी कागदावर काढलेला २६ इंचांचा आकडा हा एका क्षणाचा होता. जाळे निथळून हलके झाले की तोल डब्याकडे, म्हणजे २४ इंचांच्या दिशेने सरकणार. ज्या दिवशी मासे कमी मिळाले त्या दिवशी डबा हलका, मग तोल २९ च्या दिशेने. डबा १७ किलो आणि जाळे १३ किलो धरून पाहिले, तर खांदा पावणेएकोणतीस इंचांवर येतो. त्या पट्ट्याची दोन टोके म्हणजे आजोबांचे भरलेले आणि रिकामे दिवस आहेत. डोंगरवाट यांचा चढाचा मुद्दाही मी खोडत नाही, पण तो मोजायला घाटावर जावे लागेल.

कृष्णाकाठचा

घाटावर जाऊन आलो. तेलाचा डबा तीन चतुर्थांश पाण्याने भरला, माशांच्या जागी नदीतले धुतलेले गोटे टाकले. शिंक्यासह साडेअठरा किलो भरले. सुती जाळे आता कुठे मिळणार? म्हणून दुसऱ्या शिंक्यात नदीत बुडवून काढलेली गोणपाटाची पोती आणि एक वीट ठेवली. ती बाजू ११ किलो ८०० ग्रॅम झाली. कावडीवर खडूने इंच आखून घेतले होते. पायऱ्यांच्या तळाशी खांदा २६ वर बसला. पुतण्या मोबाइलवर चित्रीकरण करत मागून हसत होता.

पहिल्या वीस पावलांत डबा असा हेलकावला की माझा पाय वाकडा पडला आणि अर्धा लिटर पाणी पोटरीवर सांडले. डहाळा टाकायचे विसरलो होतो. लिंबाचा डहाळा टाकल्यावर हिंदकळणे निम्म्याहून कमी झाले. पायऱ्यांवर डबा पुढे ठेवला तर तो पायरीला आपटत होता, मागे ठेवला तर वर काढणे सोपे गेले. डोंगरवाट यांनी याची नोंद घ्यावी. घरापर्यंत पोहोचेतो तीनदा खांदा बदलला. अंगणात टेकवण्यापूर्वी पुतण्याला खडूची खूण वाचायला सांगितली. खांदा सव्वापंचवीसवर आला होता, म्हणजे मी न ठरवता पाऊण इंच डब्याकडे सरकलो होतो. पोती पुन्हा तोलली, तेव्हा ती ९०० ग्रॅम कमी भरली.

उजव्या खांद्यावर दुसऱ्या दिवशी लाल वळ होता. आजोबांच्या खांद्यावर तिथे घट्टा होता, असे वडील म्हणाले.

आता दोन शंका उरल्या आहेत. कावडीला वार्निश लावून ठेवावे का? आणि वाखाची शिंकी कुठे मिळतील? मी प्रयोगात वापरलेली नायलॉनची दोरी खाचेतून सारखी घसरत होती.

वेळूबन

वार्निश अजिबात लावू नये. घामाने काळा पडलेला पट्टा त्याखाली कायमचा झाकला जाईल, आणि भुंगा आत असेल तर तो आतच राहील. चार दिवस उन्हात ठेवून मग करंजेल तेलाचा हलका हात फिरवावा आणि ती भिंतीला आडवी, दोन खुंट्यांवर ठेवावी. उभी ठेवल्यास बाक येतो.

वाखाचे म्हणाल, तर घायपाताची पाने कुजवून, धुवून दोर वळणारी घरे आता थोडी उरली आहेत. आमच्याकडच्या आठवडी बाजारात बैलांची दावी आणि कासरे विकणारे एक म्हातारे गृहस्थ अजून बसतात. खाचेची रुंदी कळवा, त्या मापाची दोरी त्यांच्याकडून वळून घेतो.

कृष्णाकाठचा

खाच अंगठ्याएवढी रुंद आहे. नक्की माप उद्या घेऊन कळवतो.